बिनमुरडीचे चार कानवले

कातणीनं कड कापली की ती करंजी, आणि बोटांनी मुरड घातली की तो कानवला. आईला यापलीकडे व्याख्या ठाऊक नव्हती आणि तिला ती लागतही नव्हती. आमच्याकडे सारण फणसाचं असे. बरक्या, म्हणजे रसाळ फणसाचे गरे चाळणीवर घासून रस काढायचा, गूळ घालून तो पितळी पातेल्यात आटवायचा, इतका की उलथनं उभं राहिलं पाहिजे. मग त्यात भाजलेलं सुकं खोबरं, भाजलेली तांदळाची पिठी आणि सुंठ. रवा-मैद्याच्या पोळ्या लाटून त्यांना तूप-पिठीचा साटा लावायचा, एकावर एक ठेवून गुंडाळी करायची आणि तिच्या लाट्या पाडायच्या, म्हणजे तळताना पदर सुटतात. वैशाखात हा उद्योग आठ-पंधरा दिवस चाले आणि त्या दिवसांत आमच्या दोन खोल्यांत फणसाशिवाय दुसरा वास नसे. अंथरुणांना तो लागे, वडिलांच्या कोर्टात न्यायच्या फायलींना लागे. माझं भूगोलाचं पुस्तक शाळा सुरू झाल्यावरही महिनाभर फणसाचा वास देत असे आणि मैत्रिणी ते मागून घेऊन नुसतं हुंगत.

आम्ही महाडला, बाजाराच्या मागच्या अंगाला एका लांबट चाळीत राहत होतो. वडील कोर्टात कारकून होते. आई पोलादपूरच्या वरची, कुडपणची. डोंगराच्या माथ्यावरून खाली बाजारात येऊन पडलेली बाई, पण बोलणं तिनं शेवटपर्यंत माथ्यावरचंच ठेवलं. आमच्या भिंतीला भिंत लागून खैरूनखाला राहत. त्यांचे यजमान अब्बासचाचा मुंबई-गोवा रस्त्यावर ट्रक चालवत आणि महिन्यातले वीस दिवस घराबाहेर असत. दोन्ही घरांच्या मागच्या पडवीत मध्ये फक्त कमरेएवढी भिंत होती. तिच्यावरून वाट्या, चिमटे, विरजण आणि मुलं सारखी इकडून तिकडे जात. कानवल्यांच्या दिवसांत खालांचा मुक्काम आमच्याकडेच. आई लाटायची, खाला भरायच्या, आणि मुरड दोघी मिळून घालायच्या.

आणि हात चालू असताना भांडायच्या. भांडण दर वर्षी एकच असायचं, फणसाचा कानवला कुणाचा. आई सांगायची, कुडपणला एका बाईला सात मुली होत्या. वर पाण्याचे हाल, म्हणून मुली घाटाखाली द्यायच्या. सहा दिल्या, एकही माघारी आली नाही, कारण जी उतरते तिला परत चढवत नाही. सातवीच्या पाठवणीला घरात द्यायला फणसाशिवाय काही नव्हतं. बाईनं तोच आटवून पारीत भरला, आणि कड दाबता दाबता रडू यायला लागलं म्हणून ती कड दुमडतच राहिली, लुगड्याचा काठ दुमडावा तशी. मुलगी खिंडीत पोचली, भूक लागली, फडकं सोडलं, तर कानवल्याच्या कडेवर आईची बोटं उमटलेली. ती तिथूनच मुरडली आणि घरी आली. तेव्हापासून जाणाऱ्या माणसाबरोबर मुरडीचा कानवला द्यायचा, म्हणजे ते मुरडून येतं.

"मग ती सासरी गेलीच नाही?" मी दर वर्षी विचारायची.

"गेली ना. पण येऊन गेली," आई म्हणायची.

खालांना हे काही पटत नसे. त्यांचं माहेर दासगावचं, सावित्री नदीच्या बंदरावरचं. त्यांच्या म्हणण्याप्रमाणे कानवला तिथला. एका तांडेलाच्या बायकोनं तो गलबतावर न्यायला केला. ताजा फणस दर्यावर टिकत नाही, म्हणून आटवलेला. आणि खारी हवा आत शिरू नये म्हणून कडेला दोराचा पीळ. "पीळ नसला तं दोर सुटंल, आन दोर सुटला तं गलबत धक्क्याला लागंल काय?" असं म्हणून त्या हातातल्या कानवल्याला एक जास्तीचा चिमटा घेत. वडील एकदा पेपरातून डोकं वर काढून म्हणाले होते की दोन्ही गोष्टी खोट्या, मैदा आपल्याकडे अलीकडचा, पूर्वी हे तांदळाच्या पिठाचं नाहीतर नाचणीचं असणार. त्यावर दोघी एकदम एका बाजूला झाल्या. "पीठ बदललं आसंल," आई म्हणाली, "बोटं तीच हायत ना?"

गेल्या वर्षी पुण्याहून एक मुलगी मोबाइल घेऊन माझ्याकडे आली होती. कोकणातल्या फळांच्या गोड पदार्थांवर ती काही लिहीत होती. मी तिला दोन्ही गोष्टी सांगितल्या. यांतली खरी कोणती, पुरावा काय, असं तिनं फार अदबीनं विचारलं. मी सांगितलं, मला माहीत नाही. तिला मी हेही सांगितलं की कानवला एकटा तळत नाहीत, घाण्यात सोबतीला एक मोदक टाकतात, आणि तळलेला कानवला सुरीनं कापत नाहीत. तिनं सगळं लिहून घेतलं. सलीमचं मात्र मी तिला सांगितलं नाही. ते इथे लिहिते.

सलीम हा खालांचा थोरला. मी बारा वर्षांची होते तेव्हा तो एकवीस-बावीसचा असेल. त्याच्या पाठचा इक्बाल माझ्याच वर्गात होता. सलीम ट्रान्झिस्टर दुरुस्त करायचा. पडवीत पाट टाकून बसायचा, भोवती उघडलेल्या रेडिओंची पोटं, तोंडात पिवळी तार. मला तो "मास्तरीण" म्हणायचा, कारण मी त्याला त्याच्या बिलांतल्या शुद्धलेखनाच्या चुका दाखवायची. त्याला हसवणं सोपं होतं. हसताना तो आधी खाली बघायचा आणि मग हसायचा, जणू परवानगी घेतोय.

त्या दिवसांत मोहल्ल्यातली पोरं एकामागून एक आखातात निघाली होती. जवळच्या टोळ गावचा कुणी, वहूरचा कुणी. सुट्टीवर आली की अत्तर, टेपरेकॉर्डर, विमानातले चमचे. खालांच्या घरातही ते बोलणं शिरलं. मुंबईतला एक एजंट मिळाला, पासपोर्ट झाला, इलेक्ट्रिशियन म्हणून कागद आला. सलीम काय म्हणत होता ते मला आठवत नाही. खरं तर त्याला कुणी विचारताना मी पाहिलंच नाही. खाला मात्र आनंदात होत्या. चाळीत चार बायकांना सांगताना त्यांचा आवाज चढायचा आणि मग नजर लागेल म्हणून एकदम उतरायचा.

निघायच्या आदल्या दिवशी आमच्या पडवीत त्याच्यासाठी कानवले करायला घेतले. मोठा घाट होता. मोठा पत्र्याचा डबा भरायचा होता, कारण खोलीतल्या आठ-दहा जणांना पुरायला हवे होते. दुपारनंतर खालांकडे पाहुणे आले म्हणून त्या गेल्या. मग पोहोचवायला येणाऱ्या नातेवाइकांचा चहा कमी पडला म्हणून आईही भिंतीवरून हाक आल्यावर उठली. "चारच ऱ्हायलेत," ती मला म्हणाली, "मुरड घाल आन झाकून ठेव. आले मी." मला मुरड येत होती. त्या वर्षी पहिल्यांदाच आईनं माझ्या हाताची मुरड पसंत केली होती.

पण त्याच वेळी सलीमनं पलीकडे रेडिओ लावला. तो आमच्यासाठी ठेवून जाणार होता आणि शेवटचं म्हणून ठीकठाक करत होता. गाणी लागली. इक्बालनं भिंतीवरून मला हाक मारली. मी चार कानवल्यांकडे पाहिलं, ताटाशेजारी कातण पडलेली होती ती उचलली आणि चारही कडा फिरवून टाकल्या. चार वेळा चाक फिरलं, झालं. वर ओलं फडकं टाकलं आणि भिंतीवरून उडी मारली. आई परत आली तेव्हा कढई तापलेली होती, बायका भोवती होत्या, तिनं न बघता ते घाण्यात सोडले. डबा मीच भरला. ते चार मी अगदी तळाला घातले.

दुसऱ्या दिवशी सकाळी सगळा मोहल्ला एस.टी. डेपोवर लोटला होता. मुंबईची गाडी उशिरा लागली. सलीमनं नवा बुशकोट घातला होता आणि त्याच्या घड्या अजून मोडल्या नव्हत्या. डबा त्याच्या पायाशी होता, सुतळीनं बांधलेला. मी त्याच्या शेजारी उभी होते. अर्धा तास तरी उभी होते. रात्रभर माझ्या मनात ते चार कानवले टोचत होते आणि मला एवढंच म्हणायचं होतं की तळातले चार काढून दे, मी घरी जाऊन दुसरे आणते. घर दहा मिनिटांवर होतं. आई तिथेच होती, खाला तिथेच होत्या. सगळ्यांसमोर आई मारील याची भीती होती. आणि त्याहून जास्त, एवढ्या गर्दीत असं काही बोलायचं कसं हेच कळत नव्हतं. गाडी लागली. सलीम खिडकीतून म्हणाला, "मास्तरीण, पत्रात चुका काढू नको." मी मान हलवली. गाडी गेली.

पहिले दोन-तीन महिने पत्रं आली. कानवले चार दिवसांत संपले, असं एका पत्रात होतं. ते वाचून मला हायसं वाटायला हवं होतं. वाटलं नाही. संपले म्हणजे ते चारही कुणीतरी खाल्ले. मग पत्रं उशिरा यायला लागली आणि मग थांबली. पावसाळा संपला, दिवाळी गेली. खाला रोज पोस्टमनच्या वेळेला दारात भाजी निवडायला बसत. शेवटी टोळच्या एका मुलाचं पत्र आलं. तो सलीमच्याच खोलीत राहत होता. सलीमला कंपनीचं काम झेपत नव्हतं, मुकादमाशी त्याचं पटत नव्हतं. एक दिवस दुसऱ्या दोघांबरोबर तो आत वाळवंटाकडे कुठंतरी काम मिळतंय म्हणून निघून गेला. पासपोर्ट कंपनीकडेच राहिला. त्याला जाऊन तीन महिने झाले. पुढचं कुणाला माहीत नाही. एवढंच.

अब्बासचाचा मुंबईला जाऊन आले. एजंटच्या ऑफिसच्या जागी शिंप्याचं दुकान झालं होतं. त्या शिंप्यानं त्यांना पाणी दिलं, आणि आज तुम्ही तिसरे, असं सांगितलं. मग वडिलांनी अर्ज लिहायला घेतले. माझ्या वडिलांचा अर्ज म्हणजे तालुक्यात नाव होतं. त्यांनी लिहून दिलेल्या कागदावर माणसांच्या जमिनी परत मिळत, वारसाची नोंद होई, पेन्शन चालू होई. मुंबईला, दिल्लीला, परदेशातल्या वकिलातीला त्यांनी इंग्रजीतून किती अर्ज धाडले त्याची गणतीच नाही. पोच यायची. चौकशी चालू आहे, असं यायचं. कंपनीच्या नोंदीनुसार सदर इसम स्वखुशीनं निघून गेला, असं एकदा आलं. ते उत्तर अब्बासचाचांना मराठीत सांगताना वडील "स्वखुशीनं" या शब्दाशी थांबले आणि तो गाळून पुढे वाचू लागले. त्यानंतर ते कुणासाठीही अर्ज लिहायला बसले की आधी बराच वेळ कोऱ्या कागदाकडे पाहत बसायचे.

पुढच्या वैशाखात मला वाटलं होतं, खाला येणार नाहीत. त्या आल्या. पदर खोचून पाटावर बसल्या आणि म्हणाल्या, "कासिमचा पोर चाललाय तिकडं. त्याच्यासंगती धाडू. भेटला तं देईल." आईनं फणस फोडला. मग दर वर्षी तसंच झालं. मोहल्ल्यातून जो कुणी जाईल त्याच्या सामानात एक डबा सलीमचा. नेणारे नेत. परत आल्यावर सांगत, त्या बाजूला जाणाऱ्या एकाला दिला. किंवा, अमक्या शहरात त्याला बघितल्याचं कुणीतरी म्हणत होतं. खोटं बोलत होते बिचारे. खोलीवर सगळ्यांनी मिळून खाल्ले, हे त्या आईला कसं सांगणार? काही वर्षांनी तर मोहल्ल्यात रीतच पडली. कुणी आखातात निघालं की चार कानवले वेगळ्या पुडीत बांधायचे, "सलीमच्या नावचे". आज तरुण पोरं ती पुडी नेतात आणि सलीम कोण हे त्यांना धड ठाऊकही नसतं. कुणी म्हणतं पीर होता, कुणी म्हणतं बुडालेला खलाशी. माझ्या डोळ्यांदेखत एका रेडिओ दुरुस्त करणाऱ्या मुलाची दंतकथा झाली.

मी त्या पाटावर पुन्हा बसले नाही. अभ्यास आहे, डोकं दुखतंय, हात भाजलाय, काहीही कारण काढायची. दोन वर्षं आईनं ऐकून घेतलं. तिसऱ्या वर्षी तिनं मला मागच्या दाराशी गाठलं आणि विचारलं, "काय झालंय गो तुला?" मी सांगून टाकलं. कातण, रेडिओ, तळातले चार. सांगताना मी मार खायच्या तयारीनं डोळे मिटले होते.

तिनं मारलं नाही. ती पायरीवर टेकली.

"तुला एक मामा होता," ती म्हणाली. "माज्या पाठचा. ममईला गेला गिरणीत. मी सोता घातली व्हती मुरड, एकेकाला दोन-दोन येळा. आला का तो? टायफाइडनं तिकडंच गेला. आमाला पंधरा दिसांनी कळलं."

"मग तू अजून का घालतेस?"

"मंग काय करू? माणूस जायाला निघतंय. आपल्याला काय त्याला धरून ठेवता येतं? हात रिकामे ठेवून बसवत नाय, म्हणून घालायची." मग ती उठली आणि दारातून परत वळून म्हणाली, "खैरूनभाभींना सांगू नको. कधीच नको."

आईचा शब्द मी पन्नास वर्षं पाळला. मी पनवेलला शिक्षिका झाले, लग्न झालं, मुलं झाली. आई गेली, वडील गेले, अब्बासचाचा गेले. इक्बालही आखातात गेला. तो मात्र दर दोन वर्षांनी येत राहिला आणि शेवटी महाडला परत येऊन त्यानं टेम्पो घेतले. शाळेत मी मुलांना अंधश्रद्धेविरुद्धचे धडे शिकवत होते, आणि चांगले शिकवत होते. तरी घरून कुणी प्रवासाला निघालं की मी आधी डब्यातल्या करंज्यांच्या कडा तपासायची. माझा मुलगा शिकायला परदेशी गेला तेव्हा सुनेनं प्लॅस्टिकच्या साच्यात पंचवीस करंज्या पाडल्या, भराभर, एकसारख्या. त्या बघवेनात म्हणून मी स्वयंपाकघरातून बाहेर जाऊन उभी राहिले. मुलगा आला, गेला, पुन्हा आला. माझ्या लेखी त्यानं काहीच सिद्ध झालं नाही.

मागच्या वैशाखात मी महाडला गेले. वीर स्टेशनला उतरून रिक्षा केली. खाला आता नव्वदीच्या आसपास आहेत. इक्बालनं बांधलेल्या नव्या घरात खाली, खिडकीशी त्यांची खाट आहे. नजर गेली आहे, पण कान तिखट आहेत. माझ्या पावलांवरून त्यांनी मला ओळखलं. इक्बाल कामावर गेला होता, त्याची बायको आत होती. आम्ही इकडचं तिकडचं बोललो. मग त्यांनी माझा हात हातात घेतला आणि बोटं चाचपत म्हणाल्या, "तुज्या आईसारखीच बोटं. मुरड घालतेस का गो?"

मला राहवलं नाही. आईला दिलेला शब्द मी मोडला. सगळं सांगितलं, अगदी तळाला कसे घातले तेही.

खालांनी माझा हात सोडला. मला वाटलं होतं, त्या हसतील. एवढं वय, एवढी वर्षं, एवढ्याशा पोरीची चूक. त्या हसल्या नाहीत.

"तवाच सांगायचंस," त्या म्हणाल्या. "गाडी लागायला किती येळ होता. अर्धा तास होता. मी त्याला उतरवला असता."

"खाला, मी बारा वर्षांची होते."

"म्हायत हाय मला." त्यांनी तोंड खिडकीकडे केलं. बाहेर कुणीतरी टेम्पो धूत होतं, पाण्याचा आवाज येत होता. मी उठून जावं की बसावं मला कळेना. मी बसून राहिले.

मग त्या बोलल्या, खिडकीकडेच तोंड ठेवून. "नाय. उतरवला नसता मी. खोटं बोलले." त्यांनी चादरीची कड चिमटीत धरली. "त्या दिशी सकाळी तो माज्याकडं आला व्हता. चुलीपाशी. म्हनला, अम्मा, मी नको जाऊ ना? असं हसत हसत म्हनला, खाली बघून. मी म्हनलं, लोक काय म्हनतील? जा. असं म्हनलं मी. जा."

त्यांच्या आवाजात काही हललं नाही. हे वाक्य त्यांनी मनाशी इतक्या वेळा म्हटलेलं असणार की त्याला आता कंपही उरला नव्हता.

"चाचांना माहीत होतं?" मी विचारलं.

"कुनालाच नाय. इक्बालला पन नाय. तुलाच."

मी त्यांचा हात पुन्हा हातात घ्यायला गेले. त्यांनी घेऊ दिला, पण धरला नाही. तेवढ्यात इक्बालची बायको चहाचे कप घेऊन आली. आमचे चेहरे बघून ती दारातच थबकली.

"काय झालं? काय बोलताय दोघी?"

"काय नाय," खाला म्हणाल्या. "हिला साखर कमी लागते, सांगायचं ऱ्हायलं तुला."